गणपतीत सही घेऊ नका, काका

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी 71 वर्षांचा. बेळगावच्या पश्चिम भागातलं गाव. उद्यमबागेत एका फौंड्रीत 31 वर्षं नोकरी केली, जोडीला शेती. आजोबांपासून चालत आलेली साडेतीन एकर जमीन, गावातलं जुनं घर, 1998 साली पगारातून शहराच्या कडेला घेतलेला प्लॉट आणि बँकेत-पतसंस्थेत मिळून काही ठेवी, एवढी इस्टेट. थोरला मुलगा आणि सून आमच्याजवळ असतात, भात-रताळी तोच बघतो. धाकटा पुण्यात कंपनीत. मुलगी चंदगड तालुक्यात दिलीय, 2003 साली लग्न केलं, ऐपतीबाहेर खर्च केला. आता रस्ता होणार म्हणून जमिनीला भाव आलाय, एजंट दारात गाडी लावतात. तेव्हापासून घरात सगळे गप्प गप्प. परवा सून म्हणाली, "आम्ही चिखलात राबायचं आणि वाटणीला सगळे सारखे होय?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. आमचे वडील म्हणायचे, जिवंतपणी किल्ली हातातनं सोडू नये. इस्टेट किती हे आत्ताच सांगितलं तर पोरं भांडतील. एका मित्रानं गेल्या वर्षी मुलगी गणपतीला आली तेव्हा हक्कसोडावर सही घेऊन टाकली, कुठं वाच्यता नाही. मीही तसंच करावं म्हणतो. आमची मुलगी गुणाची हाय, नाही म्हणणार नाही. बाकीचं मृत्युपत्र करून ठेवतो, तेराव्यानंतर उघडतील. मुलीचं मन न दुखवता तिच्याजवळ हा विषय कसा काढू? बायको म्हणते, तुम्हाला काय करायचं ते करा.

काका, नमस्कार.

गणपतीत सही घेऊ नका. खरं तर उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही 'कसं' असं विचारलंय, म्हणून लांबण लावावी लागणार.

ती सही कशी घेतात हे तुम्ही मित्राकडून ऐकलंय. मी सही करणारीच्या बाजूनं सांगते. गौरी जेवून गेलेल्या असतात, ओटी भरून झालेली असते. सकाळी चहा पिताना भाऊ म्हणतो, "अक्का, जरा बेळगावला जाऊन येऊया की, एक सही हाय." वडील पुढच्या सीटवर, रस्ताभर गप्प. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात ही गर्दी. दस्त लिहिणारा बोटानं दाखवतो, इथं, इथं आणि मागच्या पानावर. कागद कन्नड. येताना खडेबाजारात एक बऱ्यापैकी साडी, अर्धा किलो कुंदा. संध्याकाळी आरतीला सगळे एकत्र, घरात कुणी काही बोलत नाही.

माझी सही 1999 सालची. आता ऑफिसात कॅमेऱ्यापुढे बसवतात आणि यंत्रावर बोट ठेवायला लावतात, तेव्हा शाईचा अंगठा होता. मला बाजारापुरतं कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद कुणी वाचून दाखवला नाही आणि मीही विचारलं नाही. जमिनीचं मला आजही काही वाटत नाही, ती भावानंच कसली होती. विचारलं असतं तर मी बहुधा "घे" म्हणाले असते. पण ते म्हणायची पाळी माझ्यावर आलीच नाही, ते अजून सलतं. पुढची दोन वर्षं मी गणपतीला एका दिवसापुरती गेले, मुलांच्या शाळेचं निमित्त काढून. वडिलांना खरं कारण कळलं असावं. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही, आणि आता ते नाहीत.

म्हणून "गुणाची हाय, नाही म्हणणार नाही" हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. जिला नाही म्हणताच येत नाही तिच्या होकाराचं वजन किती धरायचं? तुम्हाला तिचं मन दुखवायचं नाही हे मनापासूनचं आहे, शंका नाही. पण मन न दुखवण्याची तुमची तजवीज म्हणजे तिला कळू न देणं. ही तजवीज फार तर सहीच्या संध्याकाळपर्यंत टिकते. चंदगडला परतल्यावर जावई विचारणार, "कसली सही केलीस?" आणि तिला सांगता येणार नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही. पण बँकेत पस्तीस वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी वारसांच्या टेबलापुढे. 1956 साली आपल्याकडे दोन गोष्टी झाल्या. 17 जूनला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि 1 नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो. दुसऱ्या गोष्टीवर घरोघरी बोलणं झालं, अजून चाललंय. पहिलीवर मात्र बापलेकींत बोलणं झालेलं मी क्वचित पाहिलंय. त्यामुळे "मुलीला लग्नात दिलं, संपलं" ही समजूत तशीच राहिली. प्रत्यक्षात कर्नाटकानं स्वतःची दुरुस्ती करून 30 जुलै 1994 पासून, त्या दिवशी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. तुमच्या मुलीचं लग्न 2003 चं, म्हणजे ती 1994 पासूनच हिस्सेदार. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्याच मुलींना, लग्न झालेल्यांनाही, तो हक्क मिळाला. आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. तेव्हा त्या साडेतीन एकरांत तुम्ही तिला काही 'देणार' नाही आहात. तिचं आहे ते तिनं सोडावं असं मागणार आहात. मागणं वाईट नाही, पण मागणाऱ्यानं आपण मागतोय हे ओळखून मागावं.

इथं एक बारकावा आहे, तो वकिलालाच विचारा. आपण 'वडिलोपार्जित' हा शब्द फार सैल वापरतो. जमीन तुमच्याकडे कशी आली, आजोबांपासूनच्या एकत्र कुटुंबाच्या वाटणीतून की 1956 नंतर वडील वारल्यावर त्यांचा वारस म्हणून, यावर ती कुटुंबाची ठरते की तुमची एकट्याची, हे अवलंबून असतं. त्यासाठी जुन्या वर्दीच्या (नावातला बदल कळवणाऱ्या अर्जाच्या) आणि फेरफाराच्या नकला काढाव्या लागतील. प्लॉट मात्र तुमच्या पगाराचा. तो तुम्ही मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकता. काहीच न लिहिता गेलात, तर त्यात काकू, दोन मुलं आणि मुलगी असे चार सारखे हिस्से पडतील.

लग्नाच्या खर्चाचं एक बोलू का? 2003 च्या मांडवाचा हिशेब तुम्हाला पाठ असणार, आचाऱ्यापासून बँडपर्यंत. धाकट्याच्या इंजिनियरिंगच्या फीचा आहे का? थोरल्याच्या लग्नाचा, त्याच्या मोटारसायकलचा? मुलांवर केलेला खर्च शिक्षण आणि मुलीवर केलेला तो वाटणी, ही वही एकाच बाजूनं लिहिलेली आहे. लिहायची तर तिघांची लिहा, नाहीतर मिटून ठेवा.

आता तुमच्या वडिलांचं म्हणणं. किल्ली सोडू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. प्रेमाच्या भरात सगळं मुलांच्या नावे करून देऊन नंतर औषधाच्या पैशाला हात पसरणारी माणसं मी काउंटरच्या पलीकडे उभी असलेली पाहिलीत. कुणाला हयातीतच काही लिहून द्यायचं झालं, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात 23 वं कलम आहे. अट असून सांभाळ झाला नाही, तर प्रांतांकडे अर्ज करून ते पत्र रद्द करून घेता येतं. अट नसेल तर भांडण अवघड होतं. पण काका, पेटीत काय आहे ते सांगणं म्हणजे किल्ली सोडणं नव्हे. वडिलांनी किल्लीबद्दल सांगितलं होतं. पेटीत काय आहे हेही कुणाला कळू देऊ नका, असं म्हणाले होते का?

आणि सांगायला सुरुवात मुलीपासून करू नका, मुलांपासूनही नको. तुमच्या पत्रात काकू एकदाच येतात, शेवटच्या ओळीत. "तुम्हाला काय करायचं ते करा." हे वाक्य आपल्याकडच्या बायका दोन अर्थानं म्हणतात. एक, माझा विश्वास आहे. दुसरा, मला कधी विचारलंय म्हणून आज विचारताय. यातला कुठला, ते तुम्हालाच ठाऊक.

माझे एक काका वारले तेव्हा काकू 63 वर्षांच्या होत्या. काका हिशेबाला चोख, पण सगळं डोक्यात. एक पासबुक धान्याच्या कोठीत पितळी डब्यात सापडलं, दुसरं देव्हाऱ्याच्या फळीखाली. एका पतसंस्थेची पावती मुदत संपून सहा वर्षं तशीच पडून होती. हातउसने कुणाला किती दिले होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घेणाऱ्यांनी तेराव्याला येऊन जेवून जायचं तेवढं केलं. काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी त्यांना मीठ किती लागतं ते सांगत आले, आणि मला हे ठाऊक नाही."

तेव्हा पहिली बैठक तुम्हा दोघांची. एखाद्या दुपारी, थोरला शेतात असताना, पेटी उघडा आणि एकेक कागद काढून काकूंना सांगा. जमिनीचा ताजा उतारा आधी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातून, काढून आणा, जुन्या पिवळ्या प्रतीवर भागवू नका. नऊ नंबरच्या रकान्यात आज नाव कुणाचं आहे ते बघा. आपल्या भागात आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी तिथं आजोबाच बसलेले असतात, नाहीतर वारलेल्या भावाचं नाव तसंच असतं. तसं असेल तर मयताच्या जागी वारसांची नावं लावण्याचं, इकडे ज्याला 'पौती' म्हणतात ते काम आधी करा. दहाव्या रकान्यात मिळकत कशी आली ते असतं. अकराव्यात बोजा. सोसायटीचं पीककर्ज फिटलेलं असतं आणि बोजा तसाच लागलेला असतो, असं शंभरदा पाहिलंय. बाराव्यात कसणाऱ्याचं नाव आणि पीक. घराचा कागद ग्रामपंचायतीत, नमुना 9 आणि 11. हे कन्नडमधले कागद कुणा शिक्षकाकडून, एलआयसी एजंटाकडून, कुणाकडून का होईना मराठीत लिहून घ्या. काकूंसाठी घ्या, मुलीसाठी घ्या आणि पुण्याच्या नातवंडांसाठीही, त्यांना तर अंकापलीकडे काही लागणार नाही. आपल्या सीमाभागातल्या बऱ्याच घरांची गंमत अशी आहे, की आजोबांचं खरेदीखत मोडीत, बापाचं मराठीत, उतारा कन्नडमध्ये आणि नातू इंग्रजी शाळेत.

ठेवींवर नॉमिनी कोण आहे तेही बघा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात (आपल्याकडे ही तारीख वेगळ्या कारणानं लक्षात राहते, सोपं जाईल). मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, ते वारसांचेच असतात. पतसंस्थेतली रक्कम मोठी असेल तर थोडी हलवा. सहकारी असो की सरकारी, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

आता सूनबाई. तिचं वाक्य तुम्हाला टोचलं, म्हणून ऐकू आलं नाही असं केलंत. मला तर त्या घरात एकटी तीच मोकळं बोललेली दिसते. तिच्या बोलण्यात जमिनीपेक्षा चिखल जास्त आहे. तुम्हा दोघांची दुखणीखुपणी, रताळी काढायच्या हंगामात पहाटे चारला उठणं, हे कुणी मोजलेलं नाही, असं ती म्हणतेय. धाकटा वर्षातून तीनदा येतो, येताना बाकरवडी आणतो आणि सगळ्यांचा लाडका असतो. हे चुकीचं नाही, पण तिला ते दिसत असणार.

समान वाटणी म्हणजे न्याय, असं मला प्रत्येक वेळी वाटत नाही. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते, पटलं तर घ्या. जमीन एकत्र कुटुंबाची ठरली तर तिच्यात तिघांचे हिस्से सारखे धरायचे. कायदाच आहे, आणि तिथं लपवाछपवी केली तर पुढची वीस वर्षं दिवाणी कोर्टात जातात. मृत्युपत्रानं तिथं फक्त तुमचा स्वतःचा हिस्सा देता येतो, मुलांचा नाही. प्लॉट आणि ठेवी मात्र तुमच्या कमाईच्या. आधी काकूंना जन्मभर पुरेल एवढी तजवीज, त्यांच्या स्वतःच्या नावे. मग उरलेल्यात थोरल्याच्या आणि सुनेच्या कष्टांना झुकतं माप. आणि ते का दिलं, ते तिघांसमोर तोंडानं सांगायचं. धाकट्याला बहुतेक मान्य होईल. पुण्यातल्या मुलांना आईवडिलांना बघायला कुणी आहे याची किंमत कळते. फक्त कुणी त्यांच्याकडे तो विषय काढत नाही.

हेच तुम्ही मृत्युपत्रात लिहून पाकीट बंद करून ठेवलंत तर? तेराव्यानंतर पाकीट उघडेल, धाकटा वाचेल आणि त्याच्या मनात पहिला विचार येईल की थोरल्यानं लिहून घेतलं. 'का' विचारायला तुम्ही नसाल. थोरल्याला वर प्लॉट मिळेल, पण भाऊ जाईल. मृत्युपत्र कराच, मी नको म्हणत नाही. साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान असावेत, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं तेवढं खरं. पण ते लिहायच्या आधी घरात बोलणं झालेलं असू दे. मग पाकिटातून कुणाला धक्का बसणार नाही.

"पोरं भांडतील." भांडतील की. कदाचित थोडी भांडतीलही. पण तुमच्यासमोर भांडतील, जिथं तुम्ही "गप बसा रे" म्हणू शकता.

मग कधी आणि कसं? सण नको, जत्रा नको, बारसं-लग्न नको. पाहुणे नसलेला, दिवाळीनंतरचा एखादा रविवार. तिघांनाही एकच निरोप द्या, एकाच शब्दात, एकाच दिवशी. आधी थोरल्याला कळलं आणि मुलीला आठवड्यानं, असं नको. सुना-जावई असावेत की नसावेत यावर माझं मत पक्कं नाही. पहिल्या दिवशी फक्त मुलं आणि काकू असाव्यात असं वाटतं, पण तुमच्या घरी सून घरातच असणार. तिला स्वयंपाकघरात चहा करत कान देऊन ऐकायला लावण्यापेक्षा बसवून घ्या. मग जावयालाही बोलवा. न्याय एकाच मापानं.

बोलायला अवघड जाईल, म्हणून पहिलं वाक्य पाठ करून ठेवा. काहीसं असं: "आज कुणाला काही द्यायचं नाही आणि कुणाकडनं काही घ्यायचं नाही. काय हाय ते तुम्हाला दाखवायचंय. सही कुणीच करायची नाही." हे शेवटचं वाक्य गाळू नका, मुलीचे खांदे तिथं सैल होतील. मग मराठीत लिहिलेला तो कागद मोठ्यानं वाचायचा, कर्जासकट. एजंटांनी सांगितलेला भाव वाचू नका, तो हवेतला आहे. तो आकडा ऐकला की माणसं जमीन विसरून गाड्यांची नावं घ्यायला लागतात. मग प्रत्येकाला विचारायचं, तुला काय हवंय, आणि तुला कशाची काळजी वाटते? ऐकताना मध्ये बोलायचं नाही, हे तुम्हाला जड जाणार (फौंड्रीतल्या माणसांना मोठ्यानं बोलायची सवय असते, माझा दीर तसाच आहे). त्या दिवशी काही ठरवू नका. महिन्यानं पुन्हा बसू म्हणा आणि तारीख तिथंच सांगा.

मुलीला खरोखरच जमीन नको असेल, तर ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बैठकीत आपण होऊन म्हणेल, "दादा कसतोय, त्यालाच राहू दे." तेव्हाही लगेच कागद पुढे करू नका. चार महिने जाऊ द्या. तिला तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. हक्कसोड नोंदणीकृतच लागतं, साध्या स्टॅम्पवरच्या सहीला अर्थ नाही. त्याचा मराठी तर्जुमा तिच्या हातात असू दे. त्या बदल्यात ठेवीतून काही रक्कम द्यायची असेल तर ती कागदात लिहा, पाकिटातून देऊ नका. आणि ती "मला माझा हिस्सा हवाय" म्हणाली तर? तर ती गुणाची राहिली नाही असं समजू नका. तिचीही दोन पोरं शिकताहेत, तिच्याही घरात कुणीतरी आजारी असेल, तुम्हाला माहीत नसेल. दहा-पंधरा गुंठे तिच्या नावे राहिले आणि दादाच कसत राहिला, असंही चालतं. पीक आलं की एक पोतं चंदगडला.

जाता जाता, सारख्या अडचणीतल्या इतरांसाठी. ज्यांच्या घरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फक्त भावाभावांत तोंडी 'वाटणी वर्दी' देऊन उतारे वेगळे झाले, त्यांनी ते पक्कं धरून बसू नये. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत पत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी टिकते, तोंडी वाटणी बहिणींविरुद्ध टिकवणं कठीण झालंय. ज्यांची थोडी जमीन खानापुरात आणि थोडी चंदगड-गडहिंग्लजात आहे, त्यांना वारसा कायदा दोन्हीकडे एकच, पण इकडचा उतारा आणि तिकडचा सातबारा यांच्या वारसनोंदी वेगवेगळ्या कराव्या लागतात. एकीकडे झाली म्हणून दुसरीकडची आपोआप होत नाही. आणि ज्या माहेरवाशिणींना येत्या गणपतीत "एक सही हाय" असं ऐकू येईल, त्यांनी एवढंच म्हणावं, "कागद दे, घरी नेऊन वाचून सांगते." त्यावर भाऊ रागावला तर त्याचं रागावणंच पुरेसं सांगून जाईल. न रागावता कागद दिला, तर बहुधा सहीही करायला हरकत नसावी.

काका, गणपती दोन महिन्यांवर आलेत. यंदा मुलगी येईल तेव्हा तिला घेऊन एकदा शेताकडे जाऊन या. लहानपणी ती बांधावरनं डबा घेऊन यायची असेल, तिला विहिरीजवळचं आंब्याचं झाड आठवत असेल. त्या दिवशी इस्टेटीचा शब्द काढू नका. पेटी मात्र त्याआधीच उघडा, याच आठवड्यात, काकूंना समोर बसवून. काय झालं ते कळवा. पुढचं पत्र काकूंनी लिहिलं तरी चालेल.